संत्र्याचा बगीचा पाहायला जाताना

मोहगाव हे सौंसर तहसिलीतले संत्र्याचे गाव. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसरसोबत मोहगावही त्यात गेले. जुन्या कागदांवर आणि कित्येक पाट्यांवर मात्र अजून छिंदवाडाच लिहिलेले आहे, तेव्हा पत्ता शोधताना दोन्ही नावे चालवून पाहावीत. काटोल, नरखेड, सावनेर आणि वरूडकडून आलेला संत्र्याचा पट्टा राज्याची सीमा न मानता इथवर पसरला आहे. घरात मराठी, तहसिलीत हिंदी, आणि फळाचा बाजार बराचसा नागपूरकडे, असा इथला व्यवहार.

हंगाम आला की हे बगीचे पाहायला येऊ इच्छिणाऱ्यांची विचारणा सुरू होते. नागपूरची कुटुंबे असतात, छिंदवाड्याच्या शाळा असतात, नवी लागवड करू पाहणारे शेतकरी असतात. प्रश्न तेच ते: तिकीट असते का? झाडावरचे फळ तोडून खाता येते का? फाटक उघडे दिसले तर आत जायला हरकत काय? मालकाने फोनवर ‘या’ म्हटले, तर दोन गाड्या भरून जावे का? यांतल्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर एका गोष्टीवर ठरते, आणि तीच सहसा कोणी विचारत नाही: त्या दिवशी झाडावरचे फळ कोणाचे आहे?

‘खुला दिवस’ म्हणजे नेमके काय

इंग्लंडमध्ये १९२७ साली सहाशेहून जास्त खाजगी बागा एक शिलिंग घेऊन लोकांसाठी उघडल्या गेल्या. जमलेला पैसा परिचारिकांच्या संस्थेला मिळाला. ती योजना आजही चालू आहे आणि कोणती बाग कोणत्या दिवशी उघडी राहील याची यादी तिथे दरवर्षी निघते. आपल्याकडच्या संत्रा बगिच्यांना असे छापील वेळापत्रक नाही. इथे बगीचा चार प्रकारांनी उघडतो, आणि प्रकार बदलला की पाहुण्याचा हक्कही बदलतो.

- सरकारी कार्यक्रम. कृषी विज्ञान केंद्र किंवा उद्यानिकी विभाग एखाद्या शेतकऱ्याच्या वावरात प्रक्षेत्र दिन किंवा शेतकरी मेळावा घेतो. प्रवेश फुकट असतो, पण तो त्या वेळेपुरता आणि त्या वावरापुरता. कार्यक्रम आटोपल्यावर मागे रेंगाळायचा परवाना त्यात येत नाही.
- मालकाचे बोलावणे. ओळखीतून, नात्यातून किंवा गावातल्या कोणाच्या शब्दावर. सर्वांत जास्त भेटी अशाच होतात आणि गैरसमजही इथेच सर्वांत जास्त.
- कृषी पर्यटन. पैसे घेऊन फेरी, जेवण आणि सोबत न्यायला थोडी फळे. यात पाहुणा ग्राहक ठरतो आणि त्याला ग्राहकाचे हक्क मिळतात.
- फळविक्रीचा दिवस. मालक किंवा व्यापारी तोडणीच्या वेळी बांधावरच किरकोळ विक्री करतो. इथे येणारा गिऱ्हाईक असतो. त्याला तराजूपर्यंत येण्याची मुभा असते, बगीचाभर हिंडण्याची नव्हे.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवार फेरी या चारांपैकी कशातच बसत नाही, कारण ती विद्यापीठाच्या स्वतःच्या जमिनीवर असते. तिथे मोकळेपणाने हिंडता आले म्हणून मोहगावच्या खाजगी बगिच्यातही तसेच चालेल, असे धरून चालू नये. केवळ तांत्रिक माहिती हवी असेल, म्हणजे कोणता खुंट घ्यावा, किती अंतरावर लावावे, पाणी किती द्यावे, तर नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था हे जास्त योग्य ठिकाण. १९८५ पासून हेच तिचे काम आहे. कोणाच्या तोडणीच्या धांदलीत प्रश्नांची वही काढण्यापेक्षा तिथे आधी कळवून जाणे दोघांच्याही सोयीचे.

केव्हा जावे

संत्र्याला या भागात दोन बहार घेतात. आंबिया बहाराची फुले जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीत येतात, फळ ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत तोडणीला येते. मृग बहार जून-जुलैच्या पावसावर फुलतो आणि त्याचे फळ फेब्रुवारी ते एप्रिल या काळात निघते. पाऊस लांबला की मृग हुकतो, म्हणून मागच्या वर्षी मार्चमध्ये फळ होते तर यंदाही असेलच, याचा भरवसा नसतो. जाण्याआधी दरवेळी विचारून घ्यावे.

फळांनी लगडलेली झाडे पाहायची असतील तर आंबियासाठी नोव्हेंबर आणि मृगासाठी मार्च धरावा. फुलांचा वास हवा असेल तर फेब्रुवारी. त्या दिवसांत फांद्या हलवू नयेत आणि मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या असतील तर त्यांच्यापासून लांब राहावे. डिसेंबर-जानेवारीत काही बगीचे सुकल्यासारखे, पाने मलूल झालेले दिसतात. ते दुर्लक्ष नसते. फुले एकदम यावीत म्हणून पाणी मुद्दाम तोडलेले असते, त्याला ताण देणे म्हणतात. या काळात ‘झाडांना पाणी का देत नाही’ असा सल्ला देणारे पाहुणे बरेच येतात. मालक हसून घेतो, एवढेच.

हे दिवस टाळावेत:

- पाऊस पडून गेल्यावरचे दोन-तीन दिवस. काळी माती पायांना चिकटते, गाडी पांदण रस्त्यात रुतते आणि चिखलासोबत रोगही हिंडतो. त्याबद्दल पुढे आले आहे.
- पोळ्याचा दुसरा दिवस. पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार असते, रस्ते अडवलेले असतात आणि पोलीस बंदोबस्त मोठा असतो.
- महाशिवरात्र. मोहगावच्या अर्धनारीश्वर मंदिरात गर्दी उसळते. देवदर्शन आणि बगीचा एकाच फेरीत उरकू पाहणाऱ्यांचे दोन्ही अर्धवट राहते. शिवाय मालक स्वतःही त्या दिवशी वावरात सापडत नाही.
- मंगळवार-शनिवार, सौंसरजवळच्या जामसावळीवरून जायचे असेल तर. मारुतीच्या दर्शनाला येणाऱ्यांमुळे रस्ता भरलेला असतो. हनुमान जयंतीला तर तो विचारच सोडावा.

आधी विचारायचे ते: फळ कोणाचे

जमीन एकाची, झाडे त्याचीच, पण झाडावरचे फळ दुसऱ्याचे, ही संत्रापट्ट्यातली रोजची गोष्ट आहे. फळ हिरवे असतानाच व्यापारी किंवा दलाल येतो, झाडे पाहतो, अंदाज बांधतो आणि सगळा बगीचा उक्ता घेतो. बयाणा दिला जातो, बाकीची रक्कम तोडणीच्या वेळी. त्या दिवसापासून फळ व्यापाऱ्याचे. बहुतेक वेळा तो आपला रखवालदारही आणून बसवतो. रखवालदाराची झोपडी दिसली की बगीचा विकला गेला असे समजायला हरकत नाही.

आता पाहुणा येतो. शेतकरी त्याला मोठ्या हौसेने बगीचा दाखवतो. पाहुणा म्हणतो, ‘दादा, लेकरांसाठी चार तोडू का?’ शेतकऱ्याची अडचण होते. स्वतःच्या वावरात उभे राहून स्वतःच्या झाडाचे फळ द्यायला आपण मोकळे नाही, हे पाहुण्यासमोर सांगणे त्याला जड जाते. तो ‘तोडा की’ म्हणून बसतो, रखवालदार पाहतो आणि संध्याकाळी व्यापाऱ्याचा फोन येतो. हिशेबाच्या दिवशी ती चार फळे चाळीस होऊन समोर येतात. कायद्याने पाहिले तरी मालकाने दिलेली परवानगी इथे पुरेशी नसते, कारण विकलेल्या मालावर त्याचा हक्क उरलेला नसतो.

कधी जमीनही दाखवणाऱ्याची नसते. ती बटईने किंवा मक्त्याने केलेली असते, नाहीतर खाते सामाईक असते आणि धुऱ्याच्या पलीकडची झाडे भावाची असतात. भावाभावांत वाद चालू असेल तर पाहुण्याचे एक पाऊल नवे निमित्त होते. म्हणून निघण्याआधी फोनवरच पुढचे प्रश्न विचारून घ्यावेत. यात संकोच करण्यासारखे काही नाही, उलट पाहुण्याला व्यवहार कळतो हे पाहून समोरचा मोकळा होतो.

- बगीचा विकला गेला आहे की तुमच्याच हाती आहे?
- विकला असेल, तर व्यापाऱ्याच्या कानावर घालाल का? रखवालदाराला सांगून ठेवाल का?
- फळे विकत मिळतील का? कोणाकडून, आणि भाव किलोवर की नगावर?
- किती माणसे चालतील? लहान मुले किती?
- शेवटची फवारणी कधी झाली? येत्या दिवसांत होणार आहे का?
- गाडी कुठपर्यंत येते?
- बायकांसाठी शौचालयाची सोय आहे का, की आधी सौंसरलाच थांबून घ्यावे?

शेवटचा प्रश्न विचारायला लोक बिचकतात आणि मग निम्मी फेरी त्याच चिंतेत जाते.

ओळख नसेल आणि फोन नंबरही नसेल, तर उद्यानिकी विभागाचा ग्रामीण भागातला विस्तार अधिकारी किंवा गावचा कोटवार यांच्याकडे चौकशी करावी. मोहगावात नगर परिषद आहे, भोवतालच्या खेड्यांत ग्रामपंचायती. महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की इथे तलाठी विचारून चालत नाही, पटवारी म्हणावे लागते.

पोचणे

नागपूरहून सावनेरला आले की तिथून छिंदवाड्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५४७ सौंसरवरून जातो. नागपूर ते सौंसर हे अंतर सत्तरेक किलोमीटर धरावे. नागपूर–छिंदवाडा रेल्वेमार्ग आता रुंदमापी आहे आणि त्यावर सौंसरला स्थानक आहे. पांढुर्णा मात्र नागपूर–इटारसी या मुख्य मार्गावर येते. म्हणजे दिल्ली-भोपाळकडून येणाऱ्याने पांढुर्ण्याला उतरावे, नागपूरच्या माणसाने सौंसर गाठावे. रेल्वेने आलेल्यांना पुढच्या वाहनाची सोय स्वतः करावी लागते.

महाराष्ट्रातून भाड्याची गाडी केली असेल तर तिला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, किंवा मध्य प्रदेशाचा कर भरला आहे का, हे निघतानाच चालकाला विचारावे. सीमेवर अडकून पडलेली गाडी सोडवण्यात अर्धा दिवस जातो.

महामार्ग सोडल्यावर पांदण रस्ता लागतो. पांदण सगळ्यांची असते, बगीचा खाजगी असतो. पांदणीवर गाडी अशी लावावी की बैलगाडी आणि ट्रॅक्टर निघून जाईल. तोडणीच्या दिवसांत कॅरेट भरलेल्या गाड्या दिवसभर ये-जा करतात आणि एक आडवी लावलेली कार सगळ्यांची तोडणी थांबवते. धुऱ्यावरून जायची वाट सोयीची दिसली तरी ती शेजाऱ्याच्या वहिवाटीची असू शकते. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १३१ प्रमाणे वावरात जायच्या रस्त्याचा वाद तहसीलदार मिटवतो, पण तो हक्क शेती करणाऱ्याचा आहे. पाहुण्याला त्या वाटेवर स्वतःचा असा काही हक्क नाही.

आत गेल्यावर

फाटक जसे होते तसेच ठेवावे. बंद होते तर मागे बंद करावे, उघडे होते तर उघडेच राहू द्यावे. ओळींच्या मधून चालावे. झाडाच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यात पाय टाकू नये, तिथे ठिबकच्या नळ्या असतात आणि वरवरच्या कोवळ्या मुळ्याही.

पायांतल्या जोड्यांकडे पाहुणे सहसा लक्ष देत नाहीत आणि जाणकार मालक पहिल्यांदा तिकडेच पाहतो. संत्र्याचा डिंक्या आणि मूळकूज हे रोग फायटोप्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे होतात आणि तो ओल्या मातीतून व पाण्यातून पसरतो. एका बगिच्यातली माती दुसऱ्या बगिच्यात नेऊन टाकणारे बूट म्हणजे फुकटचा वाहक. दिवसात दोन बगीचे पाहायचे असतील तर मधे बूट घासून, धुवून, सुकवूनच पुढे जावे. रोगट बगीचा शेवटी पाहावा, आधी नव्हे. गाडीच्या टायरांनाही हेच लागू.

झाडांच्या खोडांना जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत निळसर लेप दिसतो. ती बोर्डो पेस्ट: मोरचूद आणि कळीचा चुना पाण्यात कालवून लावलेली, याच डिंक्यापासून बचावासाठी. तिला हात लावू नये, मुलांना तर मुळीच लावू देऊ नये, आणि टेकून फोटो काढल्यास कपड्यावरचा डाग निघत नाही. पानांवर काजळीसारखा काळा थर दिसला तर ती कोळशी. काळ्या माशीने सोडलेल्या चिकट गोड द्रावावर ती वाढते. पाहून घ्यावी, पण पान तोडून सोबत नेऊ नये.

फांदी, डोळा, रोप यांपैकी काहीही आठवण म्हणून मागू नये आणि दिले तरी घेऊ नये. ग्रीनिंग आणि ट्रिस्टेझासारखे रोग रोगट डोळ्यातून कलमात उतरतात आणि घरच्या अंगणातले लिंबूही त्यातून सुटत नाही. झाड लावायचेच असेल तर परवाना असलेल्या रोपवाटिकेतून पावती घेऊन कलम घ्यावे. पावतीवर खुंट लिहून घ्यावा, जंबेरी की रंगपूर लाइम. पुढे कलम दगा देते तेव्हा तेवढाच पुरावा हाती असतो.

तोडणी चालू असेल तर ती जरूर पाहावी. सरावलेला माणूस फळ ओढत नाही. डाव्या हाताने फळ तळव्यात घेतो आणि उजव्या हातातल्या कात्रीने देठ अगदी फळालगत कापतो. देठाची हिरवी टिकली फळावर राहिली पाहिजे. फळ ओढून काढले की टिकलीसोबत सालीचा तुकडाही निघतो, खाली भोक पडते आणि तिथून दोन-चार दिवसांत फळ सडायला लागते. ते एक फळ कॅरेटमधल्या शेजारच्या फळांनाही नासवते. पाहुण्याने हौसेने ओढून काढलेल्या फळाचा मालकाला राग येतो तो यासाठी, एका फळाच्या किमतीसाठी नव्हे. मुलांना तोडण्याचा अनुभव द्यायचा असेल तर परवानगीने, कात्रीने, मजुराच्या देखरेखीखाली एक-एक फळ तोडू द्यावे. कापलेला देठ लांब राहिला तर तो पुन्हा फळालगत छाटायला सांगावा, नाहीतर ढिगात तो दुसऱ्या फळात घुसतो.

फवारणी आणि खाणे

कीटकनाशकाच्या डब्यावर त्रिकोण असतो: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असा अर्थ नव्हे. लेबलवर फवारणीनंतर किती दिवसांनी फळ तोडावे हे छापलेले असते. ते दिवस भरले नसतील तर फळ न खाणेच बरे. वास येत असेल किंवा पंप अंगावर घेतलेला माणूस दिसत असेल तर फेरी त्या दिवशी रद्द करावी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. तो धोका फवारणाऱ्यांच्या वाट्याला आलेला होता, पण वाऱ्याच्या दिशेला उभा असलेला पाहुणाही त्यातून पुरता सुटत नाही. गरोदर बाई, दम्याचा रोगी आणि लहान मूल सोबत असेल तर शंकेचा फायदा फेरीला देऊ नये.

फळ पाण्याने धुवून, हातही धुवून मगच सोलावे. साल दाताने सोलू नये. जमिनीवर गळलेले फळ उचलून खाऊ नये. त्यातल्या बऱ्याच फळांना रस शोषणाऱ्या पतंगाने भोक पाडलेले असते आणि आतून कुजायला सुरुवात झालेली असते. त्रास जाणवलाच, म्हणजे मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला लाळ सुटणे, तर १०८ ला फोन करावा आणि फवारलेल्या औषधाचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

धोके

बगिच्यातली विहीर पुष्कळदा बिनकठड्याची असते आणि गवतात दिसत नाही. मुलांचा हात सोडू नये. रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावलेली असते. नियमाने बनवलेल्या यंत्राचा झटका क्षणभराचा असतो, पण काही ठिकाणी घरगुती वीज सरळ तारेत सोडलेली असते. ते बेकायदेशीर आहे आणि त्याने माणसे मेली आहेत. बाहेरून पाहून कोणती तार कशी आहे हे कळत नाही, म्हणून तारेला हात लावायचाच नाही, दिवसासुद्धा.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बगीचाभर फेरी, हे मुलांचे सर्वांत आवडते आमिष असते. ट्रॉली माल वाहायला असते. तिच्यात बसलेल्या माणसांना विम्याचे संरक्षण सहसा मिळत नाही आणि अपघात झाला तर भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. तेवढी एक मौज सोडून द्यावी. पायी फिरूनच बगीचा नीट दिसतो.

पैसे आणि खरेदी

मालकाने प्रेमाने बोलावले असेल तर पैसे काढून दाखवणे वाईट दिसते. फळे विकत घेणे हा त्यावरचा सोपा मार्ग. घासाघीस करताना बाजारभाव ध्यानात असावा. मजुरी, कॅरेट आणि वाहतूक वाचली म्हणून फळ बांधावर स्वस्त मिळावे हे ठीक, पण फुकट मिळावे ही अपेक्षा ठीक नाही. रखवालदाराने सोबत हिंडून दाखवले असेल तर त्याच्या हातावर काही ठेवावे. त्याची पाळी रात्रभराची असते.

घेताना सालीच्या रंगावर जाऊ नये. आंबियाचे फळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात पक्व होऊनही हिरवट राहते, कारण रंग चढायला थंड रात्री लागतात. हिरवट साल आणि आत पूर्ण रस, असे फळ बिनधास्त घ्यावे. परवानगीने एक फोडून चाखणे ही खरी कसोटी. मोठे पण हाताला हलके लागणारे फळ सहसा आतून कोरडे निघते. घरी नेताना जाळीच्या पिशवीत किंवा भोकांच्या खोक्यात न्यावे. बंद प्लास्टिकच्या पिशवीत फळाला घाम येतो आणि बुरशी लागते.

तिकीट घेऊन जायचे असेल तर तिकिटात काय येते हे आधी लिहून मागवावे: फेरी किती वेळाची, जेवण आहे का, किती फळे खाता येतील आणि किती नेता येतील. ‘पोटभर खा’ यात घरी नेणे धरलेले नसते. पावती किंवा निदान ऑनलाइन पैसे भरल्याची नोंद जपून ठेवावी.

कोणाचा हक्क कुठवर

मालक किंवा ज्याच्या ताब्यात बगीचा आहे तो कोणत्याही क्षणी पाहुण्याला बाहेर जायला सांगू शकतो. कारण द्यायला तो बांधील नाही. तिकीट घेतलेले असेल तर पैशांचा प्रश्न वेगळा, पण आत थांबून राहण्याचा हक्क तिकिटानेही मिळत नाही.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३२९ खाली गुन्हेगारी अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसते चुकून शिरणे त्यात बसत नाही, गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. परवानगीने आत येऊन त्याच हेतूने तिथे ठाण मांडले तर मात्र तेही अतिक्रमण ठरते. ‘चला’ म्हटल्यावर हुज्जत घालत उभे राहू नये, ते यासाठी.

झाडाला लागलेले फळ चोरीच्या व्याख्येत येत नाही, तोडताक्षणी येते. कलम ३०३ प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर सामुदायिक सेवेची शिक्षा होते. दोन संत्र्यांसाठी गोष्ट तिथवर जात नाही, हे खरे. गोणी भरून गाडीत टाकणाऱ्यांची मात्र जाते.

पैसे भरलेल्या पाहुण्याला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. ठरलेली सेवा मिळाली नाही, तर आधी आयोजकाला लेखी कळवावे. तेवढ्याने भागले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि शेवटी जिल्हा आयोग. या कायद्याप्रमाणे तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. नागपूरच्या माणसाला पांढुर्ण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. फुकट बोलावणे झाले असेल तर हा कायदा मधे येत नाही.

फोटो झाडांचे काढायला सहसा कोणी अडवत नाही. तोडणी करणाऱ्या बायांचे काढायचे असतील तर त्यांनाच विचारावे, मालकाला विचारून भागत नाही. ड्रोन उडवायचा असेल तर नोंदणी आणि हवाई क्षेत्राचे नियम पाळावेच, शिवाय शेजारच्या वावरातल्यांची संमतीही घ्यावी. आपला बगीचा वरून कोणी मोजतो आहे हे व्यापाऱ्याला आणि शेतकऱ्याला दोघांनाही रुचत नाही, कारण सगळा सौदाच अंदाजावर चाललेला असतो.

बगीचा उघडणाऱ्यांसाठी

आपला बगीचा एका दिवसापुरता दाखवू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांनी फळ विकले असल्यास व्यापाऱ्याची संमती आधी घ्यावी, जमल्यास बयाण्याच्या चिठ्ठीतच ‘अमुक ओळी पाहुण्यांसाठी’ असे लिहून ठेवावे. दोन ओळी राखून ठेवल्या की रखवालदाराशी होणारे वाद उद्भवतच नाहीत. त्याखेरीज एवढी तयारी पुरते:

- ओळींमधून एकच जायची-यायची वाट, दोरी बांधून दाखवलेली
- विहिरीभोवती तात्पुरते कुंपण, झटका मशीन बंद आणि बंद असल्याची पाटी
- आदल्या दिवसांत फवारणी नाही, औषधांचे डबे कुलपात
- फाटकाशी चुना किंवा जंतुनाशक पाण्याची परात, बूट बुडवून आत येण्यासाठी
- शौचालय, पिण्याचे पाणी, सावलीत बसायला जागा
- फळांचा भाव लिहिलेली पाटी आणि तपासणीचा शिक्का असलेला काटा

कुत्रा बांधून ठेवावा. पाहुण्यांची संख्या आणि वेळ आधी ठरवून सांगावी, कारण सौंसरच्या बाजाराच्या दिवशी ‘जवळच आहोत, येतो’ असे म्हणत येणाऱ्यांना नाही म्हणणे नंतर कठीण जाते.